पात्यांचं छप्पर

९ फेब्रुवारी
नाना आज वॉकर घेऊन मागच्या ओट्यापर्यंत आले. उंबरा ओलांडताना मी मागे उभी होते. खुर्चीत टेकले, डोळे मिटले. पाव तासाने म्हणाले, आत ने, डोकं तापलं.

१२ फेब्रुवारी
ओटा मोजला. पूर्व-पश्चिम १६ फूट, घरापासून दक्षिणेकडे ११ फूट. शहाबादी फरशी दोन ठिकाणी पोकळ वाजते. हिरवी शेडनेट चिंध्या होऊन लोंबत होती. आईने लावून घेतलेली. काढली.

१५ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड छान सांधतंय. रोज उघड्यावर बसवा, सकाळचं ऊन घेऊ द्या, थोडं चालवा. आत कोंडून ठेवू नका.
रात्री दादाचा पुण्याहून फोन. पत्रा टाक म्हणाला, दोन दिवसांत काम होतं. पैसे फिजिओथेरपीला ठेव. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण पत्र्याखाली एप्रिलमध्ये कोण बसणार?

१८ फेब्रुवारी
दुकानं फिरले. पॉलिकार्बोनेट शीट: उजेड येतो, उष्णताही येते आणि खाली कोंडते. कापडी ऑनिंग: दिसायला सुरेख. वळवाच्या एका झोताला पुरेल का, शंका. शिवाय गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथे कुणी विसरलेलं नाही.
आणि हिवाळ्याचं काय? निफाडच्या कुंदेवाडीचा पारा पेपरात छापून येतो त्या दिवसांत नानांना ऊन हवं असतं. ही सगळी छपरं ते अडवतात.

२२ फेब्रुवारी
पिंपळगाव बसवंतला मामाकडे. बागेत काढणी चालू. मांडवाखाली शिरलं की लगेच बरं वाटतं. हवा हलती, उन्हाचे कवडसे जमिनीवर. मनात आलं, हेच करावं. अँगल, तारा आणि द्राक्षाचा वेल.
मामाने मनातलं ओळखलं. म्हणाला, "ताई, एप्रिलात खरड छाटणी. सगळा मांडव उघडाबोडका होतो. तुला सावली पाहिजे तेव्हा वेलावर पान नाही. थंडीत नानांना ऊन पाहिजे, तेव्हा वर गच्च पानं. आणि डाऊनी रोगाच्या फवारणीत त्यांना बसवणार का तू?"
पटलं. द्राक्षाचं वर्ष आणि नानांचं वर्ष जुळत नाही.
शेजारच्या प्लॉटवर पूर्ण प्लास्टिकचं आच्छादन. अवकाळीची धास्ती. मामा त्याच्याकडे बघत राहिला. "वेलीला ऊन पाहिजे, पाऊस नको. हे दोन्ही देणारं छप्पर कुठं मिळतं?"

२६ फेब्रुवारी
मिळतं. अंबडच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेटरकडे पाहिलं. शेडच्या कोपऱ्यात नमुना उभा होता. ॲल्युमिनियमचे चार खांब, वर चौकट, चौकटीत हातभर रुंदीची पाती ओळीने. रिमोट दाबला की सगळी एकदम वळतात. उभी झाली की मधून आभाळ. आडवी झाली की एकाची कड दुसऱ्याच्या खोबणीत बसते आणि पाऊस अडतो. पडलेलं पाणी पात्याच्या कडेच्या पन्हाळीतून चौकटीत, चौकटीतून खांबाच्या पोटातल्या पाइपने खाली. कामगाराने वर बादली ओतली. खाली जमीन कोरडी.
चौरस फुटाला १,६०० रुपये. मोटर, पाया, जीएसटी वेगळा.
घरी येईपर्यंत गुणाकार करत होते.

२७ फेब्रुवारी
नानांना व्हिडिओ दाखवला. पुन्हा लाव म्हणाले. मग पुन्हा. मग एकच प्रश्न: "पाती किती अंश फिरतात?"

१ मार्च
फोन करून विचारलं. साध्या मोटरवर ९०, महागड्या मोटरवर १३५.
नाना म्हणाले, ९० वाली घ्यायचीच नाही. कारण सांगितलं नाही. पुठ्ठा आणि कात्री मागितली.

४ मार्च
नानांचा मांडव तयार. बुटांचं खोकं, त्यात जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, टाचण्यांवर फिरणाऱ्या. हात थरथरतो, तरी पट्ट्यांमधलं अंतर एकसारखं. ओझरच्या एचएएलमध्ये शीट मेटल शॉपला आयुष्य गेलं. १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिलेला कारखाना. ॲल्युमिनियम त्यांच्या बोटांना माहीत आहे.
खोकं ओट्यावर ठेवून टॉर्च धरला. मला उभं केलं.
डिसेंबर: टॉर्च दक्षिणेला, खाली. नाशिक २० अंश अक्षांशावर, म्हणून डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो. पट्ट्यांची फट दक्षिणेला वळवली. ऊन सरळ खोक्याच्या तळाशी.
एप्रिल: टॉर्च वर. फट उत्तरेला वळवली. ऊन पट्ट्यांच्या पाठीवर अडलं, वारा खेळता राहिला.
२० मेच्या सुमारास सूर्य थेट माथ्यावर. नंतर तो आपल्या उत्तरेला सरकतो आणि २३-२४ जुलैला माथ्यावरून परत दक्षिणेला. त्या दोन महिन्यांत फट पुन्हा दक्षिणेला.
"म्हणजे दोन्हीकडे कलली पाहिजेत. ९० वाली एकीकडेच कलतात. आलं लक्षात?"
आलं. फार दिवसांनी नाना एवढं बोलले.

८ मार्च
अडचण. फॅब्रिकेटर म्हणतो, पाती दक्षिणोत्तर लावू. ११ फुटांची होतील, मधे आधार लागणार नाही. नाना म्हणतात, पूर्व-पश्चिमच. दक्षिणोत्तर लावली तर हिवाळ्यात सूर्य सरकेल तशी दिवसभर फिरवत बसावं लागेल. पूर्व-पश्चिम असली की सकाळी एकदा लावली, काम झालं.
पण पूर्व-पश्चिम म्हणजे १६ फुटांचं पातं. मधे लवणार.

९ मार्च
तोडगा: मधे एक तुळई. दोन भाग, प्रत्येकी ८ फुटांची पाती. दोन मोटरी. सहा खांब. अर्धं छप्पर उघडं आणि अर्धं बंद ठेवता येईल, हा वरचा फायदा.
खर्चही वरचा.

१० मार्च
दादाला आकडा सांगितला. बराच वेळ काही बोलला नाही. मग, "एवढं एका ओट्यासाठी?"
मी म्हटलं, नाना दिवसातले आठ तास कुठे असतात ते सांग. त्याने फोन ठेवला नाही, पण उत्तरही दिलं नाही.

१४ मार्च
आर्किटेक्ट मैत्रिणीने जुना नकाशा पाहिला. मागचं सामासिक अंतर सोडूनच खांब घे म्हणाली. पाती बंद झाली की ते छप्परच, उघडतं म्हणून वेगळं काही नाही. ओटा मर्यादेच्या आत आहे. सुटले.

१९ मार्च
रंगपंचमी. जुन्या नाशकात आज रहाडी, रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडल्या. कामगार कुणी येणार नव्हतंच. नाना उडीच्या गोष्टी सांगत बसले. पाण्यात पडायचं ते छातीवर, धप्पकन.

२१ मार्च
दिवस-रात्र समान. नाना पहाटेपासून जागे. सुंदरनारायणाच्या मूर्तीवर आज उगवत्या सूर्याची किरणं पडतात. १७५६ मध्ये बांधलेलं देऊळ. लहानपणी वडिलांचं बोट धरून बघायला जात. "हाताशी दोरी, ओळंबा आणि गुण्या. एवढ्यावर कोन साधला त्यांनी. आणि तुझा तो फॅब्रिकेटर म्हणतो, दक्षिणोत्तर लावू."

२८ मार्च
ऑर्डर दिली. अर्धी रक्कम. लिहून घेतलेल्या अटी: मिश्रधातू ६०६३, पावडर कोटिंग, १३५ अंश, दोन स्वतंत्र मोटरी, २४ व्होल्ट, इन्व्हर्टरवर चालणाऱ्या. शेवटची माझी. वळीव आला की सगळ्यात आधी वीज जाते. तेव्हाच छप्पर मिटायला हवं.

३० मार्च
पाडवा. गुढी ओट्यावर उभारली, मोकळ्या आभाळाखाली. पुढच्या वर्षी ती कुठून वर काढायची?

७ एप्रिल
खड्डे खणायला सुरुवात. वर काळी माती, भेगाळलेली. अडीच फुटांखाली मुरूम लागला. मिस्त्री म्हणाला बास. नाना खिडकीतून, "मुरमात फूटभर आत जा." काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. तिच्यावर उभा केलेला खांब दरवर्षी थोडा थोडा हलतो. सहा खांबांपैकी एक हलला तरी पाती अडकतील.
मिस्त्री खाली गेला. पहार मुरमात वाजायला लागली.

९ एप्रिल
इंजिनिअर आला होता. भारतीय मानकात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. ताशी १४० किलोमीटर. असं छप्पर खाली कोसळण्यापेक्षा वर उचललं जाण्याचा धोका जास्त, असं त्याने सांगितलं. ॲल्युमिनियम हलकं, पाती बंद असली की वारा खालून ढकलतो. पाया छपराला धरून ठेवण्यासाठी.
रात्री वारा सुटला तर मला आता झोप लागणार नाही.

११ एप्रिल
काँक्रीट भरलं. बेसप्लेटची जागा नानांनी पाण्याच्या नळीने तपासून घेतली. खुर्चीत बसून, नळीचं एक टोक हातात. दुसरं माझ्या.

१३ एप्रिल
पोती ओली ठेवायची. सकाळ-संध्याकाळ. नळाला पाणी कमी. धुण्याचं पाणी वापरायचं का विचारलं तर मिस्त्री म्हणाला, साबणाचं नको.

२१ एप्रिल
माल आला नाही. पावडर कोटिंगवाल्याकडे गर्दी आहे म्हणे.

२४ एप्रिल
माल नाही. ४० च्या वर पारा. नाना आतल्या खोलीत, पंख्याखाली. चालायला नको म्हणतात. वॉकर भिंतीशी.

२६ एप्रिल
नाना जेवले नाहीत. ताप नाही, दुखत नाही. नुसतं नको. अंबडला फोन केला, आवाज चढला माझा. घरात एक माणूस वाट बघतोय, एवढंच म्हटलं.

३० एप्रिल
अक्षय्य तृतीया. दादा आला. आमरस झाला. दुपारी नाना आणि तो ओट्याच्या दारात, मधे बुटांचं खोकं. मी भांडी घासत होते, ऐकू येत होतं. "डिसेंबर. आता एप्रिल. आता बघ, जून." दादाला टॉर्च धरायला लावला होता.
संध्याकाळी निघताना माझ्या खात्यात पैसे टाकले. सांगितलं नाही. मेसेज आला तेव्हा तो सिन्नरच्या पुढे गेला असेल.

६ मे
माल आला! चौकटीचा एक तुकडा खरवडलेला. बदलून द्यायला तयार आहेत. लिहून घेतलं.

८ मे
खांब उभे. करड्या रंगाचे, घराच्या चुन्याच्या भिंतीपुढे परके वाटतात. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, बस स्टॉप बांधताय का? मला लागलं थोडं. वर पाती चढली की बघा म्हटलं.

९ मे
नाना आज बाहेर. स्वतःहून. स्क्रूचं खोकं मागितलं, एक स्क्रू उन्हात धरून बघितला. परत दिला. "हे नाही चालणार. लोखंडावर जस्ताचा मुलामा आहे. वर्षभरात गंजेल आणि ॲल्युमिनियमला खाईल." कामाला आलेला मुलगा विशीतला. काका, सगळीकडे हेच लावतो म्हणाला. नानांनी त्याला बसवलं. दोन वेगळे धातू, मधे पाणी, म्हणजे बॅटरीच. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू, खाली नायलॉनचा वॉशर. विमानात जोडकामाला हे नियम का असतात, ते सांगितलं.
मुलगा मालकाला फोन लावायला बाजूला गेला. दुपारी स्टेनलेसचे आले. वॉशरसकट.

१० मे
चौकटीच्या लांब बाजूंची भोकं लांबट करायला लावली. १६ फुटांचं ॲल्युमिनियम डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत चार-साडेचार मिलिमीटर वाढतं. जागा नाही दिली तर ते स्वतः जागा करून घेतं, आणि मग रात्री कटकट आवाज. नानांचा मुद्दा. मुलाने वहीत लिहून घेतलं. त्याच्याकडे वही आहे हे मला आज कळलं.

१३ मे
पाती चढली. एकेक पातं दोघांनी धरून, खुंटीवर बसवून, वरून ठोकून नव्हे, दाबून. पूर्वेकडचा भाग झाला. एक पातं हाताने फिरवलं तर बाकीची सगळी त्याच्यामागे.

१४ मे
मोटरी लागल्या. रिमोट नानांच्या हातात. उघड, मीट, उघड. दक्षिणेला कल. उत्तरेला कल. मोटरीचा आवाज मिक्सरहून खूप कमी. फरशीवर उन्हाच्या रेघा रुंद झाल्या, बारीक झाल्या, पुसल्या गेल्या. काकू कुंपणाशी येऊन उभ्या. काही बोलल्या नाहीत. नंतर विचारलं, माझ्या कुरडया वाळत घालू का तुमच्याकडे, आमच्या गच्चीवर माकडं येतात.

१६ मे
कुरडया. काकूंच्या आणि आमच्याही. आई गेल्यावर पहिल्यांदाच घातल्या. भर दुपारी पाती उभी केली की जवळजवळ सगळं ऊन खाली. पश्चिमेच्या भागात पाती कललेली, तिथे नाना, राखणीला.

१७ मे
तीन वाजल्यानंतर पश्चिमेचं तिरपं ऊन बाजूने आत घुसतं. छपराचा इलाज नाही. वाळ्याचा पडदा लावला. पाणी मारलं की वास दरवळतो.

२० मे
शून्य सावलीचा दिवस. सकाळपासून ढग. साडेबाराच्या सुमारास ऊन पडलं. वॉकरच्या पायांची सावली पायांतच. पाती उभी असूनही सावली सुतभर. नानांनी मार्कर मागितला. पूर्वेच्या खांबावर खूण केली: "इथून उलट".

२३ मे
वळीव. आधी धूळ. मग वारा, काकूंचा शेवगा जमिनीला टेकेल असा वाकला. वीज गेली. इंजिनिअरने सांगितलेलं आठवत होतं, वारा आहे तोवर पाती उभी, वारा पडला की मिटायची. पण थेंब पडायला लागले आणि वारा पडेना. नाना खुर्चीतून उठायला तयार नाहीत. भिजू दे म्हणाले. मी रिमोट धरून उभी, छाती धडधडतेय. चौकट हलली नाही. कुठे कुरकूर नाही. पाच मिनिटांत वारा ओसरला, मीट दाबलं. इन्व्हर्टरवर दोन्ही बाजू मिटल्या.
नानांची टोपी भिजली. हसत होते.

११ जून
त्र्यंबकहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी वाटेवर आहे. पाऊस अजून सुरळीत नाही. घोटी-इगतपुरीकडे आभाळ काळं.

१९ जून
लागला. रात्रभर. छपराचं सगळं पाणी शोषखड्ड्यात सोडलंय. हिशोब केला: दिवसात १०० मिलिमीटर पडला तर एवढ्या छपरावर १,६०० लिटर. बोअरवेलला तेवढंच.

२० जून
मधल्या तुळईखाली थेंब. बरोबर नानांच्या खुर्चीवर. दोन्ही बाजूंच्या पात्यांचं पाणी त्या एकाच पन्हाळीत येतं.

२१ जून
फॅब्रिकेटर म्हणतो, सिलिकॉन मारतो. नाना म्हणतात, सिलिकॉन नको, उतार बघ. वाद. मी शेवटची रक्कम अजून दिलेली नाही, ते बरंच.

२४ जून
तो मुलगा आला, एकटा. शिडीवर चढला, पन्हाळीत पाणी ओतलं. मधोमध साचतंय. शेवग्याची बारीक पानं निचऱ्याच्या तोंडाशी गोळा होऊन लगदा झालेला. उतारही कमी. उतार वाढवून दिला, तोंडावर जाळी बसवली. नाना खालून सांगत होते, तो ऐकत होता.

६ जुलै
आषाढी. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला. रामकुंडाकडे लोक दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघायला गेले. आम्ही ओट्यावर. चहूबाजूंनी पाऊस, तुळई कोरडी. उपासाची खिचडी तिथेच.

९ जुलै
ओझरकडून विमान. ढगांमुळे दिसलं नाही. नानांनी रिमोट उचलून पाती उघडली, तरी दिसलं नाही. दोघेही भिजलो. मी काही बोलले नाही.

१५ जुलै
डॉक्टर: वॉकरवरून काठीवर यायला हरकत नाही. घरात.

२१ जुलै
शेवटची रक्कम दिली. हमीपत्र फाइलला लावलं. मोटरींना दोन वर्षं, रंगाला पाच.
मामाला फोटो पाठवले. त्याचा फोन: "एकराला काय पडेल?" विचारून बघते म्हटलं. बागेला परवडणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. तरी विचारतो.

२४ जुलै
ढगच ढग. सूर्य आज माथ्यावर, दिसत नाही. नानांनी खांबावर दुसरी खूण केली.

२६ जुलै
तो मुलगा आला होता. काम नव्हतं. मालेगावला एका बंगल्याचं असंच छप्पर करायचंय, १८ फुटांचं. मालकाने सांगितलंय, काकांना विचार. नानांनी त्याच्या वहीत आकृती काढून दिली. मग म्हणाले, असं कागदावर नाही कळायचं. भोकं पाडायचा जिग बघावा लागेल.
सोमवारी अंबडला जायचं ठरलंय. हॉस्पिटल सोडलं तर पडल्यापासून ते फाटकाबाहेर गेलेले नाहीत. रिक्षा सांगितली आहे. काठी न्यायची म्हणतात, मी वॉकरही घेणार. शेडमध्ये चढायला पायरी आहे का, ते उद्या फोन करून विचारायचं.